रिसॉर्टपेक्षा शिकलो ते गाव बरं

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जोडून सुट्ट्या आल्या की कुठे जावं, यावर आपल्या रविवारच्या पुरवणीत बारा ठिकाणांची यादी आली होती. बारापैकी नऊ रिसॉर्टं, दोन फार्महाउस आणि एक तंबूत राहण्याचा अनुभव. गाव एकही नाही. म्हणजे गावांची नावं होती, पण ती रिसॉर्टला पत्ता लागतो म्हणून.

गेल्या वर्षी अशाच एका यादीवर विसंबून आम्हीही गेलो होतो, त्यामुळे मला नाक मुरडायचा फारसा हक्क नाही. घाटाच्या तोंडाशी साडेतीन तास गाडीत बसलो, पोहोचलो तेव्हा जेवण आवरायला घेतलं होतं, आणि मुलगा त्या क्लोरीनच्या पाण्यात इतका डुंबला की सोमवारी कान धरून डॉक्टरकडे. दोन रात्रींचे अठरा हजार झाले. मी आहारतज्ज्ञ आहे, त्यामुळे तिथल्या बुफेबद्दल बोलत नाही. बोलले तर हे पत्र त्यातच संपेल. घरी आल्यावर आईने विचारलं, "काय काय पाहिलंत?" आम्ही चौघं एकमेकांची तोंडं बघत बसलो.

म्हणून या डिसेंबरात मी हट्टच धरला, की जायचं तर बडोद्याला. १९९१ ते ९३ या दोन वर्षांत मी महाराजा सयाजीराव विद्यापीठात पोषणशास्त्रात एम. एस्सी. केलं, हॉस्टेलमध्ये राहून. त्यानंतर बत्तीस वर्षांत तिथे पाय ठेवला नव्हता. अहमदाबादला जाताना दोनतीनदा रात्री गाडीच्या खिडकीतून स्टेशनची पाटी दिसली, तेवढंच. मुलगी अकरावीत आहे. ती म्हणाली, "म्हणजे तू दर कोपऱ्यावर थांबणार आणि 'आमच्या वेळी' म्हणून सुरू करणार." बरीच घासाघीस झाली आणि ठरलं, की 'आमच्या वेळी' दिवसातून तीनदाच म्हणायचं. सातवीतला मुलगा पंच. त्याने वहीचं पान फाडून खिशात ठेवलं, खुणा करायला.

मग आई म्हणाली, मीही येते. आई ऐंशी वर्षांची आहे. १९९१ च्या जुलैत मला सोडायला बाबा आले होते. एक ट्रंक, एक वळकटी आणि डिंकाच्या लाडवांचा डबा. आईला यायचं होतं, पण "दोघांचं भाडं कशाला" म्हणून ती राहिली, आणि मग दोन वर्षं राहतच गेली. बाबा आता नाहीत. मी जिथे राहिले ती जागा आईने फक्त माझ्या पत्रांतून पाहिलेली.

आम्ही बोरिवलीचे, त्यामुळे सकाळची गाडी दारातच म्हणायची. मुंबई सेंट्रलपासून बडोदा ३९२ किलोमीटर. मी रात्रीच्या गाडीने जायची, साध्या डब्यात, आणि भरूचला नर्मदेच्या पुलावर खडखडाट सुरू झाला की झोपेतही उठून नाणं टाकायची. आता वातानुकूलित डब्याची काच उघडत नाही. आईने रुपया हातात तयार ठेवला होता. पूल आला, पात्र संपेना, आणि रुपया तिच्या मुठीतच राहिला. "नर्मदेचा रुपया आहे, खर्च करायचा नाही," म्हणून तिने तो बटव्यात वेगळ्या कप्प्यात टाकला.

बडोद्याचं सरकारी नाव १९७४ पासून वडोदरा. आम्ही मराठी माणसं बडोदाच म्हणतो आणि तिथल्या लोकांनाही त्याचं काही वाटत नाही. भाषेवरून मात्र माझी पहिल्याच आठवड्यात फजिती झाली होती, ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. आमचा स्वयंपाकाच्या प्रयोगशाळेतला पहिला तास. गट पाडणं चाललं होतं. एका सीनियर मुलीने मला विचारलं, "रोटली वणतां आवडे छे?" मला कळले ते दोनच शब्द, रोटली आणि आवडे. म्हटलं, हो, खूप आवडते! तिने खूश होऊन कणकेचा एवढा मोठा गोळा माझ्यापुढे ठेवला. गुजरातीत 'आवडवुं' म्हणजे करता येणं. आपल्याला जे आवडतं त्याला ते 'गमे छे' म्हणतात. ती विचारत होती पोळ्या लाटता येतात का, आणि मी तोपर्यंत घरी आयत्या पोळ्या खाल्लेली मुलगी. त्या दिवशीच्या माझ्या पोळ्या पाहून गटातल्या मुलींनी मला पुढची दोन वर्षं भाजी चिरायला बसवलं. (ही गोष्ट गाडीतच सांगून टाकली. पंचाने एक खूण केली. मी म्हटलं, बडोदा यायच्या आधीची धरायची नाही. अपील फेटाळण्यात आलं.)

स्टेशनवर उतरल्यावर सामान हॉटेलात टाकलं आणि आधी हॉस्टेल. मुलींच्या हॉस्टेलच्या फाटकातून बाहेरच्यांना आत सोडत नाहीत, आणि सोडू नये हेच बरोबर. आमच्या बाबांनासुद्धा तेव्हा फाटकाशीच थांबवलं होतं. ट्रंक मी आणि एका अनोळखी मुलीने दोन कडांना धरून वर नेली. म्हणून आम्ही समोरच्या फुटपाथवर उभे राहिलो. तिसरा मजला, उजवीकडून दुसरी खिडकी. मी आईला बोट दाखवून सांगत होते आणि तिला भलतीच खिडकी दिसत होती. "ती निळ्या ओढणीची का?" "नाही, तिच्या शेजारची." "तिथे तर कूलर आहे." "आता आहे, आई." शेवटी मुलीने मोबाइलवर फोटो काढला, बोटांनी मोठा केला आणि त्यावर गोल काढून आजीच्या हातात दिला. आई बराच वेळ तो गोल बघत होती. मग म्हणाली, "तू लिहिलं होतंस खिडकीतून कडुनिंब दिसतो म्हणून. कुठाय?"

कडुनिंब नव्हता. मी कुठल्या पत्रात काय लिहिलं ते मला आठवत नाही, तिला आठवतं. एसटीडी बूथवर रात्री दर उतरले की रांग लागायची, आठवड्यातून एकदा माझा नंबर यायचा, आणि आई त्या वेळेला शेजारच्या काकूंकडे फोनपाशी बसून असायची. मला वाटायचं, शेजारी फोन वाजतो आणि मग तिला हाक मारतात. ती तासभर आधीच जाऊन बसायची, काकूंचे तांदूळ निवडत, हे मला त्या फुटपाथवर पहिल्यांदा कळलं. काकूंच्या घरी कोणाला अवघडल्यासारखं वाटू नये म्हणून तांदूळ. पंच शेजारीच उभा होता. त्याने विचारलं, "आजीचं 'आमच्या वेळी' मोजायचं का?"

कला शाखेची जुनी इमारत आणि तिचा तो घुमट लांबूनही चुकत नाही. बडोदा कॉलेज १८८१ सालचं. इमारत रॉबर्ट चिझम या इंग्रज वास्तुविशारदाची. लक्ष्मीविलास राजवाडा मेजर मँटने सुरू केला आणि त्याच्यामागे चिझमनेच १८९० साली पुरा केला. अरविंद घोष याच कॉलेजात शिकवायचे, विनोबा इथेच शिकायचे. विनोबांची गोष्ट मुलाला फार पटली: १९१६ साली इंटरच्या परीक्षेला म्हणून मुंबईच्या गाडीत बसले, सुरतेला उतरले आणि काशीच्या वाटेला लागले. परीक्षा राहिली ती राहिलीच. "चालतं असं?" त्याने विचारलं. बारावीपर्यंत चालत नाही, म्हणून सांगितलंय.

विद्यापीठ १९४९ सालचं. पहिल्या कुलगुरू हंसा मेहता. विद्यापीठाच्या ग्रंथालयावर आज त्यांचं नाव आहे. तिथे मी दोन वर्षं वाचत बसले, परीक्षेच्या आधी तर अंथरूण टाकायचंच बाकी होतं, आणि या बाई कोण हे मला मुलीने सांगितलं, ग्रंथालयासमोर उभं राहून, फोनमध्ये बघून. संविधान सभेत होत्या. १५ ऑगस्ट १९४७ च्या मध्यरात्री देशातल्या स्त्रियांच्या वतीने राष्ट्रध्वज त्यांनी सुपूर्द केला. संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्कांचा जाहीरनामा तयार होत होता, तेव्हा त्यातलं 'सर्व पुरुष' हे शब्द काढून 'सर्व मानव' घालायला लावणाऱ्या त्याच. मुलगी म्हणाली, "आणि तू इथे काय वाचायचीस?" मी म्हटलं, कॅल्शियमचं शोषण. आम्ही तिथे शिकत होतो तेव्हा हंसाबेन हयात होत्या. १९९५ साली गेल्या. आम्हाला कोणी सांगितलं नाही, हे म्हणायला सोपं आहे. आम्ही विचारलं नाही. त्यांचे यजमान डॉ. जीवराज मेहता आपल्या परळच्या केईएमचे पहिले अधिष्ठाता आणि पुढे गुजरातचे पहिले मुख्यमंत्री. मी त्याच परळमध्ये दहा वर्षं नोकरी केली, हेही इथे कबूल करून टाकते.

आमच्या गृहविज्ञान शाखेचं नाव आता बदलून लांबलचक झालंय, 'फॅकल्टी ऑफ फॅमिली अँड कम्युनिटी सायन्सेस'. रिक्षावाल्याला ते सांगितलं तर तो बघत राहिला. 'होम सायन्स' म्हटल्यावर किल्ली फिरवली.

दुपारी मांडवीला गेलो, सेंट्रल लायब्ररी बघायला. ही विद्यापीठाची नाही, गावाची. माझ्या दोन वर्षांत मी तिथे एकदाही गेले नव्हते, कारण मांडवीला आम्ही जायचो ते चणिया-चोळीच्या कापडासाठी. सयाजीरावांनी अमेरिकेहून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथपाल बोलावून १९१० साली ही लायब्ररी आणि तिच्याबरोबर गावोगावच्या लायब्रऱ्या उभ्या केल्या. जिथे लायब्ररी नाही तिथे लाकडी पेट्यांत पुस्तकं भरून पाठवायचे. पण मुलांना हे ऐकून काही झालं नाही. झालं ते आत गेल्यावर. पुस्तकांच्या कपाटांमधल्या वाटा काचेच्या आहेत. जाड काच, खालून बघितलं तर वरच्या माणसाची सावली सरकताना दिसते. खिडकीतून आलेला उजेड काचेतून झिरपत खालच्या मजल्यापर्यंत उतरतो आणि पुस्तकं शोधायला दिवा लागत नाही. कागदाच्या कोठारात दिवे-कंदील नकोत, हा साधा हिशेब.

आई पहिल्या काचेपाशी थांबली आणि तिने चपला काढल्या. तिथल्या बाई म्हणाल्या, "माजी, पहेरी राखो, कंई नहीं थाय." आईने ऐकलं नाही. म्हणाली, "पुस्तकं आहेत, शिवाय काच आहे." अनवाणी, एक हात कपाटाच्या कडेला धरून, ती एवढीएवढीशी पावलं टाकत गेली. मुलगा धावत खालच्या मजल्यावर गेला आणि तिथून ओरडला, "आजी, तुझे तळवे दिसतायत!" दिसत नसणार, सावलीच दिसत असेल. पण आई थबकली आणि तिने पदर सावरला. मुलीला त्या जागेतून हलवायला अर्धा तास लागला. ती कपाटांचे फोटो काढत नव्हती, तर जमिनीवर बसून काचेतून येणारा उजेड बघत होती. आर्किटेक्चरला जायचं म्हणतेय तेव्हापासून. टिकेल की नाही माहीत नाही. मागच्या वर्षी पशुवैद्यक व्हायचं होतं.

तिथेच मी मुलाला सांगितलं, की हे सयाजीराव नाशिककडच्या कवळाणे गावातले, मूळचे गोपाळ. १८७५ साली दत्तक घेऊन बडोद्याला आणलं तेव्हा बारा वर्षांचे होते आणि अक्षरओळख नव्हती. त्याच माणसाने पुढे १९०६ साली संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. मुलगाही बाराच वर्षांचा. त्याने यातलं नेमकं हवं ते घेतलं: "बारा वर्षांपर्यंत शाळाच नाही?"

संध्याकाळी सेवउसळ. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: पांढऱ्या वाटाण्याची आपली उसळ, वर त्यांची शेव, कांद्याची पात, वरून तिखटजाळ तर्री आणि पाव. मिसळीची गुजरातेत दिलेली मुलगी म्हणा. मी दिवसभर पेशंटना तेल कमी करा म्हणून सांगणारी बाई. मी तर्री दोनदा मागून घेतली. नवरा बघत होता. त्याला म्हटलं, हे खाणं नव्हे, हा अभ्यासक्रम आहे.

बदललंय पुष्कळ. उड्डाणपूल, मॉल, वाहनांची गर्दी, सगळं आपल्यासारखंच. आमचा चहावाला नाही. यावर जास्त लिहीत नाही, कारण गाव बदललं म्हणून रडायला मी त्या गावात राहिले कुठे?

रविवारी सकाळी काळा घोडा. हो, बडोद्यातही काळा घोडा आहे, आणि त्यावर स्वार आहे, खुद्द सयाजीराव. आपल्या काळ्या घोड्यावरचे सातवे एडवर्ड १९६५ साली भायखळ्याच्या राणीबागेत गेले आणि २०१७ साली जो नवा घोडा बसवला त्यावर कोणीच नाही. मुलाने विचारलं, "आपला स्वार का उतरला आणि यांचा का नाही?" त्याच्या बाबांनी यावर बरंच काही सांगितलं. मला वाटतं, प्रश्न उत्तरापेक्षा बरा होता.

जवळच पुलाखाली विश्वामित्री. या नदीत, भर वस्तीत, मगरी आहेत. कठड्यावरून वाकून लोक मगरी बघत उभे असतात, आपण बेस्टच्या थांब्यावर बसची वाट बघतो तसे. २०२४ च्या ऑगस्टमधल्या पुरात या मगरी रस्त्यांवर आणि सोसायट्यांच्या आवारात आल्या होत्या, ते आपल्याही पेपरात आलं होतं. आम्ही नॅशनल पार्कशेजारचे. आमच्याकडे बिबट्या वॉचमनच्या खुर्चीजवळून जातो, त्यामुळे आम्ही काही फार बिचकलो नाही. गढूळ पाण्यात एक ओंडका होता. वीस मिनिटांनी ओंडक्याने तोंड उघडलं. आईने बटवा काढला, नर्मदेचा रुपया बाहेर आला. "नदी ती नदी," म्हणाली आणि टाकला. मुलगा कळवळला, "आजी, मगर गिळेल ना!"

सयाजीबागेतल्या म्युझियममध्ये देवमाशाचा सांगाडा आहे आणि इजिप्तची ममी आहे. मुलं असतील तर तासभर धरून ठेवा.

पण मला ज्यासाठी लिहावंसं वाटलं ते याच बागेत आहे. सयाजीबागेला जुनी माणसं कामाठी बाग म्हणतात. बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेत शिकायला १९१३ पासून तीन वर्षं दरमहा साडेअकरा पौंड सयाजीरावांनी दिले. त्या बदल्यात परत आल्यावर बडोदा संस्थानची नोकरी करायची होती. १९१७ साली ते रुजू व्हायला आले. कोलंबियातून शिकून आलेला माणूस, आणि गावात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले लोक जिन्यात उभे. दोन मित्रांना विचारलं, एक हिंदू, एक ख्रिस्ती. दोघांनीही घरात घेणं टाळलं. मग मुंबईची रात्रीची गाडी सुटेपर्यंतचे तास त्यांनी या बागेत काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. बागेतल्या वडाच्या झाडाखालच्या त्या जागेला आता संकल्पभूमी म्हणतात, २३ सप्टेंबरला तिथे मोठी गर्दी होते.

मी दोन वर्षं जवळजवळ दर रविवारी या बागेत शेंगा खायला येत होते. भरूचच्या खाऱ्या शिंगा, कागदाच्या पुडीत. हे झाड कुठलं, मला माहीत नव्हतं. मला हॉस्टेलात खोली मिळाली तेव्हा अर्जावर नाव लिहिलं, पैसे भरले, किल्ली घेतली. त्यापलीकडे कोणी काही विचारलं नाही आणि त्यात काही विशेष आहे असं माझ्या मनातही आलं नाही.

मुलगी फलक वाचत होती. "आपण आज दुपारी जातो तीच लाइन ना ही?" तीच. आई बाकावर बसली होती. बराच वेळ काही बोलली नाही. मग मला म्हणाली, "एवढे तास बसले, तर काही खाल्लं असेल का गं त्यांनी?"

मी पोषणशास्त्र शिकले त्या गावात. मला उत्तर देता आलं नाही. आईने पिशवीतून डबा काढला. याही खेपेला डिंकाचे लाडू केले होते तिने, बत्तीस वर्षांनी, ऐंशीव्या वर्षी. एक काढून तिने शेजारच्या बाकावरच्या अनोळखी मुलाला दिला. तो पाठीवर सॅक, पायाशी बॅग असा बसला होता. कुठून आलास, विचारलं, तर म्हणाला जळगाव, इंजिनिअरिंगला आहे, सुट्टीला घरी चाललोय, गाडीला वेळ आहे.

संपादक महाराज, माझी मागणी लहान आहे. त्या बारा ठिकाणांच्या शेजारी एक कोपरा वाचकांना द्या. ज्याने त्याने आपण शिकलो त्या गावाबद्दल लिहावं. कोणी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलं असेल, कोणी राहुरीला, कोणी कोल्हापूर, कोणी धारवाड. आमचे हे सांगलीच्या वालचंदचे. तीस वर्षं मला कृष्णेच्या घाटाच्या गोष्टी ऐकवतायत, कधी नेलं नाही. बडोद्याहून आल्यावर मीच तिकिटं काढली आहेत. त्यांनाही दिवसाला तीनच 'आमच्या वेळी' मिळणार. आणि वाचकांना एक सांगावंसं वाटतं: एकटे जाऊ नका आणि जुन्या मित्रांना घेऊन तर मुळीच जाऊ नका. मित्रांबरोबर गेलं की कॅन्टीनच्या पुढे पाय जात नाही. घरच्यांना न्या. ते तुमच्या आठवणींना कंटाळतात आणि आजूबाजूला बघायला लागतात.

परतीच्या गाडीत आईच्या शेजारी कांदिवलीला जाणाऱ्या एक गुजराती मावशी आल्या. गाडी हलली तशी त्यांनी हसून विचारलं, "तमने गुजराती आवडे छे?"

मी पलीकडच्या रांगेतून हात करेपर्यंत आईने मान डोलावली होती. "आवडते ना! किती गोड भाषा तुमची."

मावशींना आनंद झाला. त्यांनी सुनेपासून सुरुवात केली. भरूचचा पूल गेला, सुरत गेलं, वापी गेलं, पालघर गेलं. आई अधूनमधून "हो का?" आणि "अगं बाई!" म्हणत होती, आणि बहुतेक वेळा ते बरोबर जागी पडत होतं. बोरिवलीला उतरताना मावशींनी तिचे दोन्ही हात धरले. लिफ्टमध्ये मी विचारलं, "काय म्हणत होत्या एवढं?"

"काय की," आई म्हणाली. "पण सून वाईट नाही तिची."

आपली,
एक वाचक, बोरिवली (पूर्व), मुंबई

(नाव छापू नये. त्या मावशीही हाच पेपर घेत असल्या तर पंचाईत व्हायची.)